क्रिस्तपुराणावर पीएचडी: हे साहित्य की धर्मशास्त्र? प्रश्न कुठे बांधू?

बकुळा

नमस्कार. कुडाळजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. नोकरी सांभाळून पीएचडी चालू आहे, विषय फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलमधली कथा मराठी ओव्यांत सांगणारा ग्रंथ. तिसरं वर्ष लागलंय आणि मी अडकलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

या विषयाकडे मला आजीने नेलं. माझी आजी शाळेत गेली नाही, पण श्रावणात घरी पोथी लागायची आणि तिचा कान त्यावर तयार झालेला. एका सुट्टीत मी तिला क्रिस्तपुराणाचा पहिला अवस्वर (अध्याय) पोथीच्या चालीवर वाचून दाखवला. ग्रंथाचं नाव सांगितलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती, मधूनच हात जोडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गे बाय, ही खंयची पोथी? आमच्याकडे नाय वाचूक कोणी." 1579 साली गोव्यात उतरलेल्या एका इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या कॅथलिक धर्मगुरूने, लिहिलेली ओवी कुडाळातल्या म्हातारीला आपली वाटते, हे कसं घडलं? मला एवढंच शोधायचं होतं.

मग मी शब्द गोळा करायला घेतले. ग्रंथ मोठा आहे, पहिल्या पुराणात 36 अवस्वर, दुसऱ्यात 59, ओव्या 10,962. स्वर्गासाठी वैकुंठ कुठे येतं, कुठे आपल्या पुराणांतला शब्द वापरलाय आणि कुठे पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द जसाच्या तसा ठेवलाय, याची वही केली. शनिवारी एसटीने पणजीला जायचं, पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत दिवसभर बसायचं आणि रात्री परत. असे आठ महिने गेले.

गेल्या महिन्यात समितीपुढे सादरीकरण झालं. एका सदस्यांनी विचारलं, "हे साहित्य आहे की धर्मशास्त्र? मराठी विभागात हे का?" त्याला मी काहीतरी उत्तर दिलं. दुसरे एक सदस्य शेवटी हळूच म्हणाले, "बाई, हे शब्द कोणत्या पाठातले?" मी म्हटलं, छापील देवनागरी आवृत्तीतले. त्यांनी फक्त मान हलवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आराखडा परत आलाय, तीन महिन्यांत सुधारून द्यायचा आहे.

तुमच्यापैकी कोणी प्रबंध लिहिलाय का? कुठल्याही विषयातला चालेल. एवढ्या मोठ्या विषयातून तुमचा प्रश्न शेवटी कसा सापडला?

पोथीवेडा

बकुळाताई, तुमचा खरा प्रश्न तो हळूच विचारलेला आहे. साहित्य की धर्मशास्त्र हा वाद विभागांचा. पाठाचा, म्हणजे मजकुराचं कोणतं रूप आपण वाचतो याचा, प्रश्न मात्र ग्रंथाचा आहे.

तुम्हाला यातलं बरंच माहीत असेल, पण एका जागी मांडतो. क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपण वाचतो त्या मजकुराचा मोठा आधार म्हणजे सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून तयार केलेली 1907 सालची मंगळुरूची रोमन आवृत्ती. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ग्रंथ देवनागरीत आणला. म्हणजे देवनागरी पान उघडल्यावर आपल्याला जे 'मूळ' वाटतं, ते रोमनमधून परत आलेलं असतं. रोमन लेखनात 'अ' आणि 'आ' दोन्हींना एकच अक्षर आणि 'व'च्या जागी बहुधा 'यू'. परत देवनागरीत आणताना संपादकाला पदोपदी निवड करावी लागते.

दुसऱ्या बाजूला लंडनच्या सोआस ग्रंथालयात मार्सडन संग्रहातलं देवनागरी हस्तलिखित आहे. विसाव्या शतकात अमेरिकन मिशनरी-अभ्यासक जस्टिन अ‍ॅबट यांनी ते अभ्यासकांच्या नजरेस आणलं. रोमन पाठात जिथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत, तिथे या पाठात अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. अ‍ॅबट यांना तो मुळाच्या जवळचा वाटला, इतरांना नंतर कोणीतरी शुद्ध केलेला वाटतो. बघा, तुमची वही नेमकी याच जागेवर उभी आहे. स्टीफन्सने कोणते शब्द निवडले हे तुम्ही मोजताय आणि दोन पाठ त्याच शब्दांवर एकमेकांपासून फुटतात.

आणखी एक. स्टीफन्सना स्वतःला देशी लिपीत छापायची फार इच्छा होती. 1608 च्या पत्रात त्यांनी वरिष्ठांना लिहिलं आहे की युरोपात 24 अक्षरांत भागतं, इथे 600 साचे पाडावे लागतील, म्हणून ते अशक्य वाटत आलं. मला हे पत्र फार जवळचं वाटतं. पुराण रोमनमध्ये छापलं गेलं ते छापखान्याच्या अडचणीमुळे, मनात अक्षरं वेगळीच होती. प्रबंधात याला एक पूर्ण प्रकरण द्या.

आठ महिने वाया गेले असं मनात आणू नका. वही तशीच ठेवा, फक्त प्रत्येक शब्दापुढे लंडनच्या पाठातल्या शब्दासाठी एक रिकामा रकाना वाढवा.

रामवाडी

मी पुण्यात धर्मशास्त्राचा विद्यार्थी आहे, पुढच्या वर्षी दीक्षा. समितीने तुम्हाला 'साहित्य की धर्मशास्त्र' विचारलं, मला आमच्याकडे उलटं विचारतात, "हे तर भाषाशास्त्र, यात धर्मशास्त्र कुठे?" त्यामुळे तुमची अडचण मला कळते.

पण माझं मत असं की पोर्तुगीज शब्द तसाच ठेवणं हा धर्मशास्त्राचाच निर्णय होता. मराठीत शब्द सापडला नाही म्हणून ठेवला, असं पटकन लिहू नका. फ्रान्सिस झेवियर 1549 साली जपानला गेले. तिथे देवासाठी त्यांनी आधी 'दाइनिची' हा शब्द वापरला. तो बौद्धांच्या एका पंथातल्या बुद्धाचं नाव निघाला आणि ऐकणाऱ्यांना वाटलं की ही बौद्ध धर्माचीच एखादी शाखा आली. चूक लक्षात आल्यावर त्यांनी लॅटिन 'देऊस'च ठेवला. स्टीफन्स त्यांच्याच जेझुइट संघाचे, त्यानंतर तीस वर्षांनी गोव्यात आलेले. स्थानिक शब्द घेतला की त्याच्यासोबत जुना अर्थ येतो. परका शब्द ठेवला की अर्थ नेमका राहतो, पण ऐकणारा दूर जातो. ही दोरी त्यांना प्रत्येक ओवीत सांभाळायची होती.

'अवतार' शब्द घेऊन बघा. ख्रिस्ती शिकवणुकीत देव एकदाच मनुष्य झाला, आपल्या पुराणांत अवतार अनेक. असे पाच-सहा शब्द निवडा, ज्यांच्यात हा ताण सर्वांत जास्त आहे. सगळ्या ओव्या मोजायची गरज नाही. पोर्तुगीज शब्दांसाठी दालगाद यांचा आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा 1913 सालचा ग्रंथ जरूर पाहा. ते आसगावचे, गोव्याचेच.

खोडदकर

मी भौतिकशास्त्रातला, साहित्यातलं काही कळत नाही. पण ताईंनी कुठल्याही विषयातलं चालेल म्हटलंय आणि पोथीवेडा यांचं वाचून राहवलं नाही.

माझा प्रबंध पल्सारवर आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरणारा मेलेला तारा, त्याचे ठोके घड्याळासारखे येतात. पण तारा आणि आपण यांच्यामध्ये जो विरळ वायू आहे, त्यातले इलेक्ट्रॉन ठोक्याला उशीर करतात. कमी फ्रिक्वेन्सीला उशीर जास्त, जास्त फ्रिक्वेन्सीला कमी. मी पहिलं वर्षभर फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्यातली निरीक्षणं घेऊन बसलो होतो. ठोक्यात एक बारीक बदल दिसत होता आणि मला वाटलं, ताऱ्यात काहीतरी घडतंय. माझे मार्गदर्शक म्हणाले, "हे ताऱ्याचं की वाटेचं?" मला सांगता येईना. एका पट्ट्यातून ते सांगताच येत नाही. दोन पट्टे शेजारी ठेवले आणि दिसलं, तो सगळा बदल वाटेतल्या वायूचा होता.

ताई, तुमचा रोमन पाठ आणि लंडनचा देवनागरी पाठ हे मला दोन पट्टे वाटतात. मूळ 1616 ची प्रत आपल्या हातात नाही, जसा मला तारा कधीच हाताला लागणार नाही. पण दोन्ही पाठांत जे सारखं राहतं ते मुळाचं असण्याची शक्यता जास्त, आणि जिथे फरक पडतो तिथे नकलकाराचा हात शोधायचा. अर्थात दोन्ही पाठांत एकच चूक शिरलेली असू शकते. आमच्याकडेही असं होतं आणि मग तिसरं निरीक्षण लागतं.

माझं ते पहिलं वर्ष प्रबंधात दुसरं प्रकरण झालं. वाटेतला वायू कसा मोजला, एवढंच त्यात आहे. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

फडावरची

बकुळाताई, मी समाजकार्यात पीएचडी केली, ऊसतोड करणाऱ्या बायांबरोबर. मला तुमच्या आजीबद्दल बोलायचं आहे, कारण वरच्या तीन उत्तरांत ती कुठेच नाही.

2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी सगळीकडे गेली, शासनाने समितीही नेमली. मी त्यानंतर प्रश्नावली घेऊन फडावर गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, पहाटे अंधारात तोड सुरू. बाया मला म्हणाल्या, "ते विचारून गेले सगळे. तू पाण्याचं विचार." कोपीपासून, म्हणजे फडावरच्या झोपडीपासून, पाणी किती लांब, ते कोण आणतं, पाळीच्या दिवसांत काय करतात. प्रश्नावली मी पिशवीत ठेवली आणि तीन आठवडे त्यांच्यासोबत हंडे वाहिले. माझा प्रबंध शेवटी पाण्यावर झाला आणि शस्त्रक्रियांची कारणंसुद्धा मला त्या वाटेवरच समजली.

तुमचा प्रश्न तुम्हाला आजीने दिलाय, "ही खंयची पोथी?" म्हणून. क्रिस्तपुराण हे मुळात कानाने घ्यायचं होतं, ते चर्चमध्ये वाचून दाखवलं जाई. मग ऐकणाऱ्यांना प्रबंधात जागा द्या. वेगवेगळ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना तोच अवस्वर वाचून दाखवा. कोणत्या शब्दाला हात जोडले जातात, कोणत्या शब्दाला कपाळावर आठी येते, ते लिहून ठेवा. आधी परवानगी घ्या, आणि ग्रंथ कोणाचा हे शेवटी सांगायचंच. आजीला सांगितलंत का?

बकुळा

तुमची उत्तरं मी दोनदा वाचली, एकदा शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये आणि एकदा रात्री.

फडावरची ताई, आजीला तेव्हा सांगितलं नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं. काल सांगितलं. म्हटलं, "आजी, ही किरिस्तांवांची पोथी." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "देवाचाच नाव घेतला ना तेणां. परत वाच." मी परत वाचलं, आणि या वेळी तिने मध्ये मध्ये थांबवून अर्थ विचारला. पहिल्या वेळी एकदाही विचारला नव्हता. हा फरक मी तारखेसह लिहून ठेवलाय.

रामवाडी, 'दाइनिची'ची गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. सहा शब्द निवडायला बसले आणि तिसऱ्यावरच अडले, पण ते अडणं आता बरं वाटतं. खोडदकर दादा, 'ताऱ्याचं की वाटेचं' हे मी मार्गदर्शकांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, आराखड्यात याच शब्दांत लिहा.

आता प्रश्न असा मांडते आहे: निवडक शब्द, दोन पाठ, आणि तोच अवस्वर ऐकणारे काही जण. पूर्ण ग्रंथ घेणार नाही. स्टीफन्स स्वतः सांगतात की शुद्ध मराठी लोकांना कळत नाही म्हणून आपण तीत ब्राह्मणांची भाषा, म्हणजे इथली कोकणी, मिसळली. म्हणजे ऐकणारा तेव्हाही त्यांच्या डोळ्यांपुढे होता. प्रस्तावना तिथून सुरू करीन.

पोथीवेडा, मार्सडन पाठाची छायाप्रत गोव्यात कुणाकडे बघायला मिळेल का? शनिवारी पणजीला जातेय, दालगाद तिथे शोधते. पर्वरीच्या एखाद्या संशोधन केंद्रात जायला सांगाल तर तिथेही थांबेन, शेवटची एसटी चुकली तरी म्हापशाला मावशी आहे.