मदत हवी आहे: सुरीच्या पात्यावर घरी लोगो एच करताना (मीठ-पाणी आणि करंटने कोरताना) कडा पसरतात, ‘व’चं पोट भरून जातं

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये सुऱ्या बनवतो. बहुतेक किचनच्याच, भाजीची, मटणाची, कोणी सांगितलं तर छोटा कोयता. माल दोन प्रकारचा, ट्रकच्या कमान पाट्याचं लोखंड आणि ४२० स्टेनलेसची पट्टी. आता ओळखीतून लोक मागायला लागलेत, धार लावायला परत आणून देतात, तर पात्यावर आपला शिक्का असावा असं मनापासून वाटतं. आमच्याकडे कोयता घेताना जुनी माणसं आधी पात्यावरचा छाप बघतात मग पैशाचं बोलतात, तसं माझ्या सुरीचंही व्हावं.

शिक्का साधारण १६ मिमी रुंद आहे, देवनागरी अक्षरं, त्यात ‘व’ आणि ‘क’ आहेत, वर शिरोरेषा आणि खाली छोटं ऐरणीचं चित्र. मला तो काळा, थोडा खोल आणि कडा स्वच्छ असलेला हवाय, तारेच्या घासणीने वर्षानुवर्षं घासला तरी जाऊ नये असा.

बाकीचे पर्याय बघून झालेत. लोहार पंच मारतात तो लोखंड लाल असताना, पाणी द्यायच्या आधी. कडक झालेल्या पात्यावर पंच मारला तर पंचाचं तोंड जातं नाहीतर पातं तडकतं, आणि माझी स्टेनलेसची पाती पातळ असतात, भट्टीत न घालता थंडच कापतो, पंचाने वाकतात. भांड्याच्या दुकानात नाव घालायचं मशीन असतं ते कडक पात्यावर नुसतं खरचटतं, रेघ थरथरते. फायबर लेसरचं काम सुंदर होतं पण काळं मार्किंग करतात ते वरवरचं असतं, नंतर कधी पातं पॉलिश करायला घेतलं की निघून जाणार, आणि प्रत्येक सुरी घेऊन दुकानात जायचं मला नकोय, हे काम घरी माझ्या हाताने व्हायला हवं.

म्हणून मीठ-पाणी आणि करंटवालं एचिंग करतोय. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर, प्लसची क्रोकोडाइल क्लिप पात्याला, मायनसची क्लिप फेल्टच्या (जाड लोकरी कापडाच्या) तुकड्याला धरून. कपभर पाण्यात चमचाभर मीठ, त्यात फेल्ट भिजवून स्टेन्सिलवर टेकवायचा. स्टेन्सिल रेडियमवाल्याकडून (चिकट स्टिकरचा कागद) कापून घेतो, तोच जो गाड्यांच्या नंबर प्लेटा करतो, त्याच्या प्लॉटरवर. बाजूचं पातं सगळं टेपने झाकतो.

कमान पाट्यावर बऱ्यापैकी उमटतं. स्टेनलेसवर मात्र फिकट राखाडी येतं, काळं होतच नाही, आणि अक्षरांच्या कडा झिरपल्यासारख्या पसरतात. सगळ्यात त्रास ‘व’चा, त्याच्या पोटातला रेडियमचा इवलासा ठिपका मधेच सुटून तरंगतो आणि तिथलंही लोखंड खाऊन टाकतं, मग ‘व’ म्हणजे नुसता एक डाग दिसतो. इंग्रजी अक्षरं करा असं एकाने सुचवलं पण ते करायचं नाहीये, शिक्का देवनागरीतच हवा.

तर प्रश्न असे की काळं कसं करायचं, कडा कशा धरून ठेवायच्या, ‘व’चं पोट कसं वाचवायचं? आणि फेरिक क्लोराइडने (करंटशिवाय धातू खाणारं रसायन) हे जास्त चांगलं होईल का?

प्रतिसाद, तांब्याची_तार:

दादा तुमची जोडणी बरोबर आहे, पातं प्लसलाच पाहिजे कारण धातू प्लसवरून सुटून पाण्यात जातो, मायनसवर फक्त हायड्रोजनचे बुडबुडे येतात. काळं न होण्याचं कारण सोपं आहे, डीसी फक्त खोदतो. काळं करायला त्याच खड्ड्यात नंतर एसी (सतत दिशा बदलणारा करंट) द्यावा लागतो, त्याने धातूचा ऑक्साइड आत जमून बसतो. आधी डीसीने खोली, मग स्टेन्सिल न हलवता एसी, बस.

एसीसाठी १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या, १ किंवा २ अँपिअरचा. आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, तुमच्याकडे रेडिओ-टीव्हीचे पार्ट विकणारा कोणीही देईल. त्याच्याच पुढे ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) लावून एक दोन पोलचा टू-वे स्विच (DPDT) टाकला की एकाच डब्यातून डीसी आणि एसी दोन्ही. आउटपुटला फ्यूज टाका कारण फेल्ट झिजून क्लिप पात्याला टेकली की शॉर्ट होतो. डब्याला झाकण हवंच, आतली २३० व्होल्टची बाजू ओल्या हाताच्या जवळपास येता कामा नये. आणि कृपा करून कोणी डिमर किंवा बल्ब सिरीजमध्ये लावून थेट मेनवरून हे करू नका, असले व्हिडिओ फिरतात, त्यात पातं आणि मीठ-पाणी दोन्ही मेनला जोडलेले असतात, माणूस मरू शकतो.

राउटरच्या अडॅप्टरबद्दल अजून एक, तो बहुतेक १ अँपिअरचा असतो, फेल्ट मोठा असला की लोड झेपत नाही आणि तो आतल्या आत बंद-चालू होत राहतो. राखाडी डाग येण्याचं ते एक कारण असू शकतं. फेल्ट लोगोएवढाच ठेवा, नाहीतर कान साफ करायची कापसाची काडी वापरा आणि फिरवत फिरवत काम करा.

प्रतिसाद, भाता_ऐरण:

कडा पसरण्याचं मूळ पाणी आणि उष्णता. फेल्ट पिळून घ्यायचा, ओला हवा पण थेंब पडता कामा नये. आणि टेकवून धरून ठेवायचं नाही, ३-४ सेकंद टेकवा, उचला, टिपून घ्या, परत टेकवा. सलग धरलं की पातं आणि पाणी तापतं, रेडियमचा गोंद मऊ होतो, त्याच्याखाली पाणी शिरतं, तुम्ही म्हणता ते झिरपणं हेच. फेल्ट काळा-तपकिरी झाला की बदला, त्या चिखलातून करंट सारखा जात नाही.

रेडियम लावण्याआधी पातं अ‍ॅसिटोनने पुसा आणि मग बोट लावू नका. बोटाचं तेल सुद्धा पुरतं. शिक्का शक्यतो सपाट भागावर, मुठीजवळ किंवा पाठीकडे, घ्या. उतार सुरू होतो तिथे रेडियम कधीच नीट बसत नाही. पॉलिश पेपरचं काम आधी पूर्ण करा, एच झाल्यावर वरून फक्त २००० नंबरचा वॉटर पेपर एकदा हलकासा, म्हणजे कडेची धूसर सावली निघते आणि आतला काळा राहतो.

दुसरं म्हणजे ॲसिड असो की करंट, धातू फक्त खाली खात नाही, बाजूलाही खातो. जेवढं खोल तेवढी रेघ जाड होते. म्हणून ड्रॉइंगमध्येच अक्षरं हव्या त्यापेक्षा बारीक काढा आणि ‘व’चं पोट मुद्दाम मोठं ठेवा. छपाईचा फॉन्ट जशाच्या तसा वापरला तर १६ मिमीत पोट वाचणारच नाही, स्वतःच्या हाताने अक्षर काढा, शिक्का म्हणून ते जास्त शोभेल सुद्धा.

झालं की लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, कोरडं करा, तेल लावा. मीठ त्या खड्ड्यात राहिलं तर लोखंडाला रात्रीत गंज येतो, आणि स्टेनलेसलाही मिठाने बारीक टोचे पडतात, स्टेनलेस आहे म्हणून सोडून देऊ नका.

प्रतिसाद, पत्रिकावाला:

मी सुऱ्या बनवत नाही, स्क्रीन प्रिंटिंग करतो, पण ‘व’च्या पोटावर आमच्याकडे उपाय आहे. स्क्रीनचं पॉलिस्टरचं कापड घ्या, त्यावर फोटो इमल्शन, लोगोची पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवर काळा छापलेला लोगो) ठेवून एक्स्पोज (उजेड देणं), धुतल्यावर लोगोच्या जागी नुसती जाळी उरते आणि बाकी बंद. पोटातला ठिपका जाळीलाच चिकटलेला असतो त्यामुळे तो सुटून जायचा प्रश्नच येत नाही. शिरोरेषा, ऐरण, कितीही बारीक काम येतं. फक्त प्रिंटरला सांगा की पाण्याला टिकणारं इमल्शन लावा, कारण दोन प्रकार असतात, आणि एक्स्पोज झाल्यावर परत उन्हात नीट कडक करा. एका कापडावर शिक्क्याच्या बऱ्याच प्रती एकदम बसतात, कापून ठेवा, प्रत्येक तुकडा धुऊन पुन्हा वापरता येतो. बाजारात तयार मेटल मार्किंगच्या स्टेन्सिल मिळतात त्यांचंही तत्त्व हेच.

तुमच्या गावात लग्नपत्रिका छापणारे भरपूर आहेत, कोणीही करून देईल.

मूळ लेखक:

मनापासून आभार सगळ्यांचे. एसीचं डोक्यातच नव्हतं. पत्रिकावाले दादा तुमचा उपाय वाचून इतका आनंद झाला की लगेच एका प्रिंटरला फोन केला, तो म्हणाला पॉझिटिव्ह काढून आणा. ‘व’ हाताने नव्याने काढायला घेतलाय. फक्त फेरिकचं राहिलं, ते घेऊ का? आणि हे वापरलेलं मिठाचं पाणी मोरीत ओतलं तर चालतं का?

प्रतिसाद, भाता_ऐरण:

फेरिक दमास्कसला (थराथरांच्या पोलादाला) हवं, तिथे पूर्ण पातं बुडवून थर उठवायचे असतात. शिक्क्यासाठी ते हळू आहे, स्टेनलेसवर तर अजूनच हळू, आणि तेवढा वेळ रेडियम किंवा नेलपॉलिश टिकत नाही. कपड्याला, फरशीला लागलं तर पिवळा डाग निघत नाही. एवढ्यासाठी घेऊ नका.

पाण्याचं म्हणाल तर कमान पाट्याचं असेल तर त्यात मुख्यतः लोखंड आणि मीठच असतं, फार काही नाही. स्टेनलेसचं मात्र वेगळ्या बाटलीत साठवा, त्यात क्रोमियम उतरलेलं असतं, मोरीत किंवा झाडांना अजिबात नको. हातमोजे घाला, दार उघडं ठेवा कारण मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीनही सुटतो. उद्यमनगरमध्ये प्लेटिंगवाला ओळखीचा असेल तर त्याला विचारा, त्यांना असं पाणी कायदेशीर पद्धतीने द्यावंच लागतं, तुमची बाटलीभर त्यांच्यात घेतील का ते बघा. वापरलेले फेल्टचे तुकडे पण त्याच बाटलीत टाका.

पहिला नीट उमटला की फोटो टाका, जवळून काढा, ‘व’ बघायचाय.