व्हिडिओ आधी उतरवून घेऊन घरी निवांत बघणं : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, देवरुख

आमच्या वाडीत संध्याकाळी साडेसातनंतर सगळ्यांचे फोन एकाच टॉवरवर येतात आणि व्हिडिओ मधेच थांबून गोल चक्र फिरायला लागतं. सासऱ्यांना रात्री जेवणानंतर कीर्तन ऐकायचं असतं. पूर्वरंग कसाबसा पार पडतो, आख्यान रंगात आलं की नेमकं अडतं. बुवांनी ओळ उचललेली असते, झांज वाजलेली असते आणि पुढे काहीच नाही. त्यांचा चेहरा उतरतो तो बघवत नाही. म्हणून आता पहाटे नेट मोकळं असताना रात्रीचं कीर्तन फोनमध्ये उतरवून (डाउनलोड करून) ठेवते. रात्री ते सुरुवातीपासून शेवटच्या आरतीपर्यंत सलग चालतं.

या सवयीने घरात आणखी एक झालं. काय बघायचं ते सकाळीच ठरतं. रात्री फोन हातात घेऊन एकामागून एक चित्रं सरकवत बसणं आमच्याकडे थांबलं. मला हा फायदा जास्त मोलाचा वाटतो.

तुम्ही काय उतरवता, कशात ठेवता, टीव्हीवर कसं आणता, कुठे अडतं, सगळं लिहा. एकच विनंती, चोरून टाकलेल्या सिनेमांच्या लिंका इथे नकोत. मराठी सिनेमा-नाटक करणाऱ्यांचं पोट त्यावर आहे. अ‍ॅपमधलं बटण, ज्याची त्याने स्वतःहून दिलेली फाइल आणि आपलं घरचं चित्रीकरण, एवढ्यात खूप काही होतं.

रात्रपाळी, नाशिक

ताई, चांगला विषय काढलात. आमच्या पिढीने हे फार आधी केलंय. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर तेव्हा असे प्लॅन होते की रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतला डेटा मोजला जायचा नाही. वेग २५६ केबीपीएस. म्हणजे सेकंदाला ३२ केबी, तासाला जेमतेम ११५ एमबी. सहा तास लाईन एकदाही तुटली नाही तर सकाळी ७०० एमबीच्या आत-बाहेर हाती लागायचं. त्यामुळे आज रात्री काय घ्यायचं याची वहीत यादी असायची, आणि धाकट्या बहिणीची एक ओळ त्यात हक्काची असायची.

मी एनपीटेलची व्याख्यानं घ्यायचो, आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची. आजही कोणी अभियांत्रिकीचा अभ्यास करत असेल तर त्याला सांगा, ही व्याख्यानं साइटवरूनच उतरवून घेता येतात, कोणाला विचारावं लागत नाही. कठीण गणित सोडवताना प्राध्यापक फळ्यावर लिहितात तिथे थांबवायचं, आपण वहीत सोडवायचं, मागे जायचं, परत बघायचं. चालू नेटवर दर वेळी मागे गेलं की थांबणं आलंच. फाइल घरात असली की बोट टेकवायचा अवकाश.

बागायतदार, श्रीवर्धन

आमचा अनुभव जरा वेगळा आहे, पण लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा झोपल्या, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. वीज गेली, तिच्यामागे मोबाइलही गेला. करोनामुळे शाळा आधीच बंद होत्या. घरात दोन मुलं, बाहेर पाऊस, अंगणभर पडलेलं झाड आणि छपरावर ताडपत्री. दिवसा आम्ही बाग साफ करायला जायचो. मुलांना त्या पसाऱ्यात मोकळं सोडायची सोय नव्हती, तारा आणि पत्रे कुठेही पडलेले.

मोटारसायकलच्या बॅटरीवरून फोन चार्ज करायचो. फोनमध्ये मोठीने उतरवून ठेवलेले गोष्टींचे व्हिडिओ होते. ते एक-दोन दिवस चालले आणि मग बंद पडले. फाइल फोनमध्येच होती, जागाही तेवढीच खात होती, पण अ‍ॅप म्हणे आधी नेटला जोडा. नेट कुठून आणणार? दीक्षा अ‍ॅपवर बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून घेतलेले पाठ मात्र चालत राहिले. धाकटा पहिलीत जाणार होता, त्याने ताईचे तिसरीचे पाठ बघितले. परत परत तेच बघितले. त्या दिवसांत घरात मुलांचं हसणं ऐकू आलं ते त्या फोनमुळे, हे मी विसरणार नाही.

तेव्हापासून पावसाळ्याआधी मी एका जुन्या फोनच्या मेमरी कार्डात अशाच फाइली भरून ठेवतो ज्यांना नेटची परवानगी लागत नाही. आमच्या घरच्या गणपतीची चित्रीकरणं, दीक्षाचे पाठ, नातेवाइकांनी पाठवलेल्या लग्नाच्या क्लिपा. आगोटीच्या सामानात आता हेही धरतो.

टीव्हीदुरुस्ती, इचलकरंजी

बागायतदारसाहेब, तुमच्यासारखीच तक्रार घेऊन माझ्याकडे रोज कोणी ना कोणी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उतरवलेला व्हिडिओ दोन जातींचा. एक, अ‍ॅपच्या आत कुलपात राहणारा. यूट्यूबवर आपल्याकडे बऱ्याच व्हिडिओंखाली उतरवायचं बटण आहे, ही सोय भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आली. मोफत खात्यावर ४८ तासांत एकदा तरी फोन नेटला जोडावा लागतो, प्रीमियमवर ती मुदत साधारण महिन्याची होते. नेटफ्लिक्सने उतरवायची सोय नोव्हेंबर २०१६ मध्ये दिली. तिथे मुदत प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी, काहींची तर बघायला सुरुवात केल्यावर ४८ तासांत संपते. प्राइम व्हिडिओवर साधारण ३० दिवस न उघडता राहतो, उघडला की ४८ तास. अशा फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करून काही उपयोग नाही, त्या अ‍ॅपबाहेर उघडतच नाहीत. लोक कॉपी करून आणतात आणि टीव्ही बिघडला म्हणतात.

दुसरी जात खुल्या फाइलीची. ती आपली. तीच पेनड्राइव्हवरून टीव्हीला लागते. तिथे चार ठिकाणी अडतं.

पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. टीव्हीला चालत असेल तर एक्सफॅट करा, नाहीतर व्हिडिओचे दोन तुकडे करा.

चित्र येतं पण आवाज नाही, किंवा आवाज येतो पण चित्र काळं, हे दुसरं. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन पद्धती. जुने टीव्ही एच.२६४ उलगडतात, एच.२६५ उलगडत नाहीत. नाव दोघांचंही एमपी४ असतं, त्यामुळे बाहेरून कळत नाही. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात टाकून एच.२६४ आणि एएसी आवाज करून घ्या. रात्री लावून ठेवा, सकाळी तयार.

तिसरं, खालच्या ओळी. सबटायटलच्या एसआरटी फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हवेत. मराठी ओळींच्या जागी चौकोन दिसले तर त्या टीव्हीत देवनागरी नाही. मग लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये लावा आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा.

चौथं म्हणजे हाव. बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचा पडदा बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. त्यावर १०८० चा व्हिडिओ आणून डेटा आणि जागा वाया घालवू नका, ७२० पुरेसा आहे.

कॉलेजकन्या, अकोला

दादा, एक विचारू? माझ्या फोनचा पडदा फुल एचडी आहे. पैसे भरलेल्या अ‍ॅपवरून सिनेमा ‘हाय’ निवडून उतरवला तरी चित्र पुसट दिसतं. बाबांच्या फोनवर तोच सिनेमा स्वच्छ. खातं एकच.

टीव्हीदुरुस्ती, इचलकरंजी

पडद्याचा दोष नाही, ताई. अँड्रॉइड फोनमध्ये वाइडव्हाइन नावाची कुलूपव्यवस्था असते, तिच्या पातळ्या आहेत. एल१ असेल तर अ‍ॅप एचडी देतं. एल३ असेल तर साधंच चित्र मिळतं, मग तुम्ही काहीही निवडा. प्ले स्टोअरवर ‘डीआरएम इन्फो’ अशा नावाची छोटी अ‍ॅपं मिळतात, त्यात बघा. एल३ निघालं तर सिनेमा बाबांच्या फोनवरच उतरवा. तुमच्या फोनवर मोठी फाइल घेण्यात अर्थ नाही.

साताऱ्याची नात, सध्या मेलबर्न

माझं लग्न टाळेबंदीत झालं. आजी साताऱ्यात, आम्ही इथे. मामाने साताऱ्याहून मंगलाष्टकं म्हटली ती स्पीकरवर लावली आणि सगळं यूट्यूबवर फक्त लिंक असणाऱ्यांनाच दिसेल असं थेट दाखवलं. आजीकडे तेव्हा नेट इतकं अडखळत होतं की अंतरपाट दूर झाला तो तिला दिसलाच नाही. आधी अंतरपाट, मग एकदम आम्ही हार घालून उभे.

ज्यांच्याकडे अशी चित्रीकरणं अजून फक्त यूट्यूबवर पडून आहेत त्यांच्यासाठी लिहिते. १२ तासांपर्यंतचं थेट प्रक्षेपण यूट्यूब आपोआप साठवून ठेवतं. खातं आपलं असेल तर यूट्यूब स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओच्या तीन ठिपक्यांवर ‘डाउनलोड’ मिळतं, एमपी४ मध्ये, ७२० पर्यंत. सगळा चॅनेलच उतरवायचा तर गूगल टेकआउट वापरा. मी फाइल काढली, भावाने ती पेनड्राइव्हवर घालून आजीच्या टीव्हीला लावली. तिने अंतरपाट सरकताना बघितला तेव्हा मी फोनवर होते. “थांब, मागे घे,” म्हणाली. पुन्हा बघितला. मामा त्यानंतरच्या वर्षी गेला. त्याच्या आवाजातली सलग मंगलाष्टकं आज त्या एका फाइलमध्ये आहेत. ज्या घरात लिंकवर लग्न झालं त्या घराने ती फाइल आजच उतरवून घ्यावी, असं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते.

धागाकर्ती

मेलबर्नच्या नातीचं वाचून मी आत्ताच आमच्या नणंदेला फोन केला. तिच्या मुलीचा साखरपुडाही असाच झाला होता, आणि खातं कोणाच्या नावाचं आहे हेच घरात कोणाला आठवत नाहीये. आधी तेवढं शोधा मंडळी.

डाया-बाया, मिरज

मी तबला शिकते. गुरुजी कोल्हापुरात, आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष, बाकी ते स्वतः वाजवून चित्रीकरण पाठवतात. पूर्वी ते व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवायचे. त्यात चित्र दबून इतकं लहान व्हायचं की तर्जनी चाटीवर (पुडीच्या कडेवर) पडली की लवेवर (तिच्या आतल्या भागावर) ते दिसायचं नाही, आणि बायाची घसीट, म्हणजे डाव्या तबल्यावर मनगट घासून येणारा आवाज, तर गायबच. आता ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात. फाइल जशीच्या तशी येते, २ जीबीपर्यंत चालते.

ती लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये उघडते. त्यात वेग ०.७५ वर आणता येतो आणि ए-बी अशा दोन खुणा करून मधला तुकडा फिरत ठेवता येतो. कायदा म्हणजे तबल्याची ठरलेली बोलरचना, तिचा एक पलटा (बदललेला प्रकार) तसा फिरवत ठेवते आणि हात बसेपर्यंत सोबत वाजवते. नेटवर चालणाऱ्या व्हिडिओवर रियाज होऊच शकत नाही असं माझं ठाम मत आहे. सम येते आणि चित्र थांबतं, मग लय कोणाला धरून ठेवायची? रियाजाला लागणारी प्रत्येक गोष्ट आपल्या घरात, आपल्या डिस्कवर हवी.

जुनी ध्वनिमुद्रणं हवी असतील तर इंटरनेट अर्काइव्हवर शोधा. पानाच्या उजव्या बाजूला उतरवायचे पर्याय असतात. फक्त कोणत्या परवान्याखाली ठेवलंय तेही तिथेच वाचा.

गुरुजी, धडगाव

आमच्या पाड्यांवर रेंज डोंगराच्या एका वळणापुरती. मी तालुक्याला गेलो की दीक्षावरचे पाठ टॅबमध्ये उतरवून आणतो. अ‍ॅपमधूनच ते दुसऱ्या फोनला नेटशिवाय देता येतात. शनिवारी पालक बाजाराला निघायच्या आधी शाळेत येतात, त्यांच्या फोनमध्ये भरून देतो. घरी मुलं पावरी बोलीत बोलतात, पाठ मराठीत, त्यामुळे ती एकच पाठ अनेकदा ऐकतात आणि त्यातूनच मराठी कानावर बसते. छोटे पाठ निवडा, पाच-सात मिनिटांचे. आईचा फोन मुलांच्या हाती तेवढाच वेळ येतो.

डाया-बाया, मिरज

इचलकरंजीचे दादा, माझ्या तबल्याच्या गुरुजींच्या सगळ्या फाइली सध्या एकाच पेनड्राइव्हवर आहेत आणि तोच टीव्हीला लावलेला असतो. चालेल ना?

टीव्हीदुरुस्ती, इचलकरंजी

नाही चालणार. टीव्ही चालू असताना वीज गेली की पेनड्राइव्हची यादी बिघडते, मग फाइली आत असूनही दिसत नाहीत. लॅपटॉपवर एक संच ठेवा, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क टीव्हीला कधीच लावू नका. टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर फक्त त्या आठवड्याचं न्या. बिघडला तर इकडे घेऊन या, पण त्याआधी त्यावर नवीन काही भरू नका, म्हणजे आतलं काढता येण्याची शक्यता राहते.