मदत हवी: यामाहा आर१५ व्ही१ (पहिलं मॉडेल) ला व्ही२ चं (दुसऱ्या मॉडेलचं) मागचं चाक बसत नाहीये (तातडीचं)

झटपट१७ (शुक्रवार, रात्री ११:२०)
व्ही२ चं मागचं चाक आणलंय, टायरसकट. टायर डावीकडे चिमट्याला (स्विंगआर्म, मागचं चाक धरणारे दोन पाय) आतून घासतोय आणि कॅलिपर (ब्रेकचा जबडा) डिस्कवर सरळ येत नाही. कॉलर (एक्सलवरचे स्पेसर) अदलाबदल करून पाहिले, एका बाजूचं जमलं की दुसरीकडचं बिघडतं. लेथवाला ४ मिमीचा वॉशर करून देतो म्हणतोय. टाकू का? उद्या नऊला दुकान उघडेल. "सर्व्हिस सेंटरला जा" कृपया नको.

मिलिमीटर
वॉशर नको. गाडी कोणत्या सालची? चाकाबरोबर एक्सल, कॅलिपर ब्रॅकेट, कॉलर, स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चकतीचा) हब यातलं काय आणलंस? चिमटा कोणता? टायरवर काय छापलंय?

झटपट१७
२००९. चिमटा गाडीचाच, चाकच बदलतोय ना. टायर १३०/७०.

घाटमाथा
एफझी१६ चं चाक टाक राव. १४०/६० रेडियल, कुठेही मिळतं, व्ही२ पेक्षा स्वस्त.

मिलिमीटर
@घाटमाथा, जुन्या एफझी१६ ला मागे ड्रम आहे. आर१५ ची मागची डिस्क काढून ड्रम लावायचा, म्हणजे मास्टर सिलिंडर, पेडल, ब्रेक आर्मची सळई, सगळंच बदलायचं. स्वस्त कुठून पडणार?

@झटपट१७, व्ही१ चा मूळ टायर १००/८० (पहिला आकडा रुंदी, मिमीत). तुझा त्यापेक्षा ३० मिमीने जास्त रुंद आहे, दर बाजूला १५. व्ही१ चा चिमटा तेवढ्यासाठी केलेलाच नाही. वॉशरने चाक उजवीकडे सरकेल, त्याबरोबर स्प्रॉकेटही सरकेल आणि चेनलाइन (दोन्ही स्प्रॉकेटची सरळ रेषा) ४ मिमीने तिरकी होईल. शिवाय चिमट्याचे पाय फाकतील आणि एक्सलच्या नटला तेवढे आटे कमी मिळतील. दोन महिन्यांत स्प्रॉकेटचे दात एका बाजूने चाकूसारखे झालेले दिसतील.

चेनलुब
+१. चाकाबरोबर चिमटाही व्ही२ चाच घे. व्ही२ चा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, व्ही१ चा लोखंडी, पेटीसारखा. व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १२९० मिमी वरून १३४५ होतो, सरळ रस्त्यावर गाडी जास्त शांत राहते.

घाटमाथा
आणि वळणात जड होते, ते सांगा ना. व्ही१ ची मजाच आखूड व्हीलबेसमध्ये आहे. १०० चा टायर, चांगलं कंपाउंड, विषय संपला.

चेनलुब
त्याने मत विचारलेलं नाही. चाक आणून झालंय.

यूएसडीप्रेमी
मागचं राहू दे, पुढे इंडोनेशियाच्या व्ही३ चे यूएसडी (उलटे) फोर्क टाक. आपल्याकडच्या व्ही३ ला साधेच दिलेत.

झटपट१७
फोर्क नकोत!! चिमटा मिळतोय, कुर्ल्याच्या भंगारात. डायरेक्ट बसेल का, हो की नाही?

मिलिमीटर
नुसता आणलास तर नाही. एकाच गाडीतून उतरलेला अख्खा संच माग: चिमटा, पिव्हटचे बुश आणि डस्ट सील, एक्सल, दोन्ही चेन अ‍ॅडजस्टर, कॅलिपर ब्रॅकेट, डावा-उजवा कॉलर, स्प्रॉकेट हब आणि त्याचे रबर, हगर (चाकाजवळचा छोटा मडगार्ड), चेनखालची नायलॉनची पट्टी, मोनोशॉकचं (मागच्या एकुलत्या शॉकचं) लिंकेज. पट्टी विसरलास तर चेन अ‍ॅल्युमिनियम करवतीसारखं कापते. ब्रेकची नळीही व्ही२ चीच. कॅलिपर मागे गेल्यावर जुनी नळी चाक खाली लोंबलं की ताणली जाते.

दुकानातच एक्सल काचेवर गडगडव, वाकडा असेल तर लगेच डुलतो. चिमट्याच्या वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी भेग दिसली तर ठेवून ये. बिल घे आणि त्यावर चेसिस नंबर लिहून माग.

टॉर्करेंच
चेनचा हिशोब कुणीच देत नाहीये. पुढचे/मागचे दात व्ही१ ला १४/४२, व्ही२ ला १५/४७. व्हीलबेसचा ५५ मिमीचा सगळा फरक चिमट्याचा धरला तर वरची-खालची मिळून ११० मिमी चेन वाढते. ४२८ नंबरच्या चेनची पिच (पिन ते पिन अंतर) १२.७ मिमी, म्हणजे साधारण पावणेनऊ कड्या. स्प्रॉकेटचे मिळून सहा दात वाढले, त्यांच्या अर्ध्या तीन. एकूण सुमारे १२ कड्या जास्त. थोडी लांबच घे. कापता येते, जुन्या चेनला तुकडा जोडायचा नसतो. क्लिप लॉक असेल तर बंद टोक चेन धावते त्या दिशेला.

चेनलुब
जुनंच १४/४२ ठेवलं तरी चालेल की. ४७ दातांनी पिकअप वाढेल, टॉप जाईल.

टॉर्करेंच
टायर विसरताय. १००/८०-१७ चा व्यास साधारण ५९२ मिमी, १३०/७०-१७ चा ६१४. टायरने गिअरिंग ३.७ टक्के लांब होतं, ४७/१५ ने ४.४ टक्के आखूड. जवळजवळ जुन्याच जागी येतं. १४/४२ वर १३० टाकला तर चढावर दुसरा-तिसरा गिअर सुस्त लागणार.

आरटीओ_दक्ष
२००९ ची म्हणजे १५ वर्षांचं पासिंग २०२४ लाच आलं. नूतनीकरण झालंय का? आरसीवर व्हीलबेस लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा कलम ५२ (गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार), त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, आणि १८२अ(४) खाली दर फेरफाराला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

घाटमाथा
आरटीओत फूटपट्टी घेऊन कोण बसतं?

आरटीओ_दक्ष
अपघात झाला की विम्याचा सर्व्हेयर बसतो.

झटपट१७
पासिंग झालंय. कायद्याचा वेगळा धागा काढा. चिमटा आणला, संच पूर्ण. पण जुन्याचा पिव्हट बोल्ट (चिमटा ज्यावर हलतो तो) हलत नाहीये. हातोडी मारू?

मिलिमीटर
बोल्टच्या तोंडावर थेट नको, टोक फुलेल आणि मग चेसिसमधून निघणारच नाही. नट पूर्ण काढू नकोस, टोकाशी सपाट राहील एवढाच ठेव. दोन्हीकडून गंज सोडवायचं तेल मार, रात्रभर राहू दे. सकाळी पितळेची सळई धरून ठोक, मध्ये मध्ये पान्याने फिरव. हलला की नट काढ. गाडी वरून दोरीने टांग, चिमटा सुटल्यावर पॅडॉक स्टँड (तो चिमट्यालाच लागतो) कुठे लावणार?

टॉर्करेंच
बसवताना मोनोशॉक लगेच जोडू नकोस. चिमटा हाताने पूर्ण वर-खाली कर: टायर हगरला, नळी चेनला लागतेय का बघ. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात ताणलेली असते. ढील तिथे तपास. स्टँडवर उभी करून ढील बरोबर ठेवलीस तर वजन पडल्यावर चेन ताणून गिअरबॉक्सचं बेअरिंग खाईल.

मग दोन्ही चाकं एका सरळीत आहेत का ते बघायला दोन्ही चाकांना दोरी लाव. अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर भंगारच्या चिमट्यात विसंबू नये.

झटपट१७ (रविवार, संध्या. ६:४०)
निघाला. बसलं. चेन ११ कड्यांनी वाढवून जोड जुळेना, १२ वर झाली. हगर डावीकडे जरा लागतोय.

मिलिमीटर
हगरच्या बोल्टवरचे कॉलर लावलेस का?

झटपट१७
कुठले कॉलर?

घाटमाथा
जुना चिमटा विकणार का?