मदत हवी आहे: किडनीत गाठ, रिपोर्टमध्ये 'ऑन्कोसायटिक निओप्लाझम'

कोयनाकाठ: बाबांच्या बायोप्सीत एवढंच लिहिलंय. कॅन्सर आहे की नाही, कोणी सरळ सांगेल का? सर्जन पूर्ण किडनी काढू म्हणतात, शुक्रवारची तारीख दिलीय.

स्लाइडवाली: गाठ केवढी? एक की अनेक? किडनीच्या कामाची रक्ततपासणी, क्रिएटिनिन? आयएचसीत, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून बघतात त्यात, सीके७ काय आलंय? हे निदान नव्हे, गटाचं नाव आहे. निरुपद्रवी ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब कार्सिनोमा हा कॅन्सर सुईच्या तुकड्यात जुळ्यासारखे दिसतात.

गोडंबी: कुळथाचं कढण अनशापोटी. खड्यावर घेतात.

कोयनाकाठ: काका, खडा नाहीये! वय ६८, डावीकडे एकच, ३.४ सेंमी. क्रिएटिनिन १.५. सीडी११७ पॉझिटिव्ह, सीके७ 'फोकल'.

स्लाइडवाली: घोडं त्या 'फोकल'वरच, म्हणजे 'काही भागातच'वर अडलंय. तुरळक सुट्या पेशी रंगल्या असतील तर कल ऑन्कोसायटोमाकडे, सगळीकडे पसरून रंगल्या तर क्रोमोफोब. सीडी११७ दोन्हींत येतं, त्यावरून फरक कळत नाही. एसडीएचबी या प्रथिनाचा स्टेनही करून घ्या. तो रंगलाच नाही तर कॅन्सरचा वेगळाच, बहुतेकदा आनुवंशिक प्रकार. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला मूळ तुकडा मागा. रंगवलेल्या स्लाइड देऊन बोळवण करतील, त्यावर नवे स्टेन होत नाहीत. टाटाला परळला बाहेरचे ब्लॉक तपासून मत देतात.

न्यूक्लिअर_नाना: सेस्टामिबी स्पेक्ट-सीटी करा, किरणोत्सारी औषध टोचून काढायचा स्कॅन. ऑन्कोसायटोमात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं ठासून भरलेली, त्यांत औषध साचतं म्हणून गाठ चमकते. हृदयाच्या स्कॅनचंच औषध, पण फोटो किडनीचे हवेत हे आधी सांगा.

स्लाइडवाली: नाना, हायब्रिड, म्हणजे दोन्हींची सरमिसळ असलेल्या गाठीही चमकतात, एखादी क्रोमोफोबही.

न्यूक्लिअर_नाना: मग? त्याही बहुतेक संथच. किडनी उडवण्यापेक्षा स्कॅन स्वस्त.

टाकेबहाद्दर: बायोप्सीच चुकली, सुईने पसरतं.

न्यूक्लिअर_नाना: कोअॅक्सियल सुईने, म्हणजे बाहेरच्या नळीतून तुकडा काढला तर फारच क्वचित. आणि झालेल्या बायोप्सीवर आता वाद कशाला?

मूत्रमार्गी: मुद्दा किडनीचा आहे. या वयात १.५ म्हणजे ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, ५० च्या आसपास. अख्खी काढली तर आणखी खाली. ३.४ सेंमीला पार्शल, म्हणजे फक्त गाठीचा भाग काढणं का नाही, हे विचारा. गाठ हायलमला, म्हणजे मुख्य रक्तवाहिन्यांपाशी टेकली असेल तर अवघड. ऑन्कोसायटोमा ठरली तर नुसती नजर ठेवणंही चालतं: सहा महिन्यांनी स्कॅन, मग वर्षाला. थोडी वाढली म्हणून घाबरू नका, निरुपद्रवी गाठही वाढते.

कोयनाकाठ: तारीख पुढे ढकलली तर?

मूत्रमार्गी: या मापाच्या गाठीला दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. लघवीतून रक्त जातंय का, ते मात्र लिहिलं नाहीत.

टाकेबहाद्दर: मेडिक्लेममध्ये सेस्टामिबी बसतं का हो?