देशोदेशीचं रोजचं जेवण, आणि ते तसंच का?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतेय. जगातले पारंपरिक पदार्थ म्हणून कुठेही शोधलं की तेच ते दहा पदार्थ समोर येतात, इटली म्हणजे पिझ्झा, जपान म्हणजे सुशी, मेक्सिको म्हणजे टाको, आणि पुढे एक ओळ की हा पदार्थ फार चविष्ट असतो. अहो पण त्या देशातला माणूस दुपारी जेवायला बसतो तेव्हा त्याच्या पुढ्यात काय असतं? आणि तेच का असतं? कुणी मका खातं, कुणी कसले कसले कंद खातं, ते फक्त तिथे पिकतं म्हणून की अजून काही आहे त्यामागे?

रेसिपी नकोत, त्या ढीगभर मिळतात. पदार्थ तसा का झाला आणि लोक तो नेमका करतात कसा, हे ज्यांना नीट माहितीय त्यांनी प्लीज हात आखडता न घेता लिहा. मी शाकाहारी आहे, त्यामुळे चाखून बघण्यासारखं काही असेल तर तेही सांगा, पण माशामांसाच्या पदार्थांबद्दल वाचायला काहीच हरकत नाही.

कणीस

प्रश्न एकदम आवडला ताई. मी मक्याबद्दल लिहितो कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तिथे आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

मेक्सिकोत टाकोचं सारण काहीही असू शकतं, खरा पदार्थ म्हणजे खालची तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी. आणि ती सुका मका दळून पीठ भिजवून होत नाही. पाण्यात चुना कालवतात, त्यात सुके दाणे उकळतात आणि विस्तव बंद करून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी पाणी पिवळं झालेलं असतं आणि दाणे नुसते बोटांत चोळले की साल सुटून येतं. मग दोनतीन पाण्यांनी खळखळून धुवायचे आणि ओलेच वाटायचे, पूर्वी बायका गुडघे टेकून दगडी पाट्यावर तासन्‌तास वाटायच्या, आता त्यासाठी गिरण्या आहेत. हा जो गोळा होतो ना तो छान धरून राहतो, पातळ थापला तरी फाटत नाही. साध्या मक्याच्या पिठाचा गोळा थापायला घेतला की कडांना भेगा पडतात, तो फरक सगळा चुन्याचा.

पण चुना फक्त थापण्यासाठी नाहीये. मक्यात नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व असतं, पण ते असं बांधलेलं असतं की आपल्या शरीराला मिळतच नाही. चुन्याने ते मोकळं होतं, वर कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. तिकडचे लोक हे तीन हजार वर्षांहून जास्त काळ करतायत, जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा कुणाला माहीत नव्हता तेव्हापासून.

आता पुढचं बघा. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, भरपूर पिकतो म्हणून गरिबांच्या ताटात स्थिरावला, पण चुन्याची रीत काही बरोबर गेली नाही. बी गेलं, रीत मागे राहिली. मग जिथे जिथे लोक फक्त मक्यावर जगायला लागले तिथे एक विचित्र आजार सुरू झाला. उन्हात अंगाची कातडी लाल होऊन सोलायची, गळ्याभोवती माळेसारखा पट्टा उठायचा, जुलाब, मग भ्रम, आणि शेवटी मरण. स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरने १७३५ मध्ये त्याची नोंद केली, उत्तर इटलीत पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी खाणाऱ्या शेतमजुरांत तो पसरला आणि पेलाग्रा हे नाव त्याला तिथेच पडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हजारो माणसं याने गेली. सगळे म्हणायचे संसर्ग आहे. १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरला तपासाला पाठवलं, त्याने बघितलं की अनाथाश्रमात आणि वेड्यांच्या इस्पितळात रुग्णांना पेलाग्रा होतो पण त्यांच्यातच वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. संसर्ग असता तर असं झालं नसतं. लोकांचा विश्वास बसेना म्हणून १९१६ मध्ये त्याने स्वतःला आणि सोबत्यांना रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या त्वचेचे पापुद्रे आणि मलमूत्र कणकेत मळून गोळ्या करून गिळल्या. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. तो १९२९ मध्ये गेला, आणि कमी पडतंय ते नायसिन हे १९३७ मध्ये कळलं. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे, गरिबी आणि निकस जेवण हेच कारण आहे हे त्याने उघडपणे सांगितलं आणि त्यासाठी लोकांचा रागही ओढवून घेतला.

म्हणून मला वाटतं की एखाद्या देशाचा पदार्थ म्हणजे फक्त धान्य नाही, त्या धान्याला खाण्याजोगं करायची रीत हा अर्धा पदार्थ आहे.

नदीकाठ

बाप रे, चुन्याचं हे काहीच माहीत नव्हतं. पण मग एक शंका, आफ्रिकेतही बऱ्याच देशांत मकाच मुख्य आहे ना? ते लोक चुना वापरतात का? नसतील तर त्यांना पेलाग्रा का होत नाही?

कणीस

नाही वापरत. मलावीत न्सिमा म्हणून असतं, पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घोटून घट्ट शिजवतात, युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २०१७ मध्ये आलंय. पण न्सिमा कुणी नुसता खात नाही, त्याचा छोटा गोळा हाताने वळून कालवणाला लावून खायचा, आणि कालवण म्हणजे पालेभाजी, घेवडा, सुके छोटे मासे, बऱ्याचदा शेंगदाण्याचं कूट घातलेलं. शेंगदाण्यात नायसिन भरपूर. याचा पुरावाही आहे, फार वाईट पद्धतीने मिळालेला. १९९० च्या सुमारास मोझांबिकमधल्या युद्धामुळे पळून आलेले निर्वासित मलावीत छावण्यांमध्ये होते, त्यांच्या शिध्यातले शेंगदाणे यायचे बंद झाले आणि मका तेवढा राहिला, तर तिथे पेलाग्राची मोठी साथ आली. म्हणजे चुना नसला तरी त्यांच्या ताटाची मांडणीच अशी आहे की भरपाई होते, आणि त्यातलं एक काढून घेतलं की कोसळतं.

रानभूल

कणीस, मस्त लिहिलंयत. हीच गोष्ट कसाव्याची आहे. दक्षिण अमेरिकेतला कंद, आज आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं पोट त्यावर आहे. त्याच्या कडू जातींमध्ये सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कच्चा खाल्ला तर जिवावर बेततं. तरीही शेतकरी मुद्दाम कडू जात लावतात कारण डुकरं, उंदीर, किडी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातले लोक हा कंद सोलून किसतात आणि किस तिपिती नावाच्या एका लांब विणलेल्या नळीत भरतात. ती वरून टांगायची आणि खालून वजन लावून किंवा दांड्याने खेचायची, खेचली की नळी लांब आणि अरुंद होते आणि किसातलं सगळं पाणी पिळून बाहेर येतं. कुठला स्क्रू नाही, यंत्र नाही, फक्त विणकाम. किस मग भाजून त्याचा कोरडा रवाळ फारिन्या करतात, ब्राझीलमध्ये तो जेवणावर भुरभुरवून खातात. आणि ते पिवळं विषारी पाणी फेकत नाहीत, ते खूप वेळ उकळलं की सायनाइड उडून जातं आणि आंबट रस उरतो, त्याला तुकुपी म्हणतात. ब्राझीलच्या बेलेम शहरात संध्याकाळी रस्त्यावर ताकाका नावाचं सूप विकतात त्यात हाच रस असतो, वर सुकी कोळंबी आणि जांबू नावाचा पाला, तो चावला की जीभ आणि ओठ बधिर होतात.

पश्चिम आफ्रिकेत रीत थोडी वेगळी, किस पोत्यात भरून वर दगड ठेवतात, दोनचार दिवस पाणी गळत राहतं आणि आतला किस आंबतो, मग मोठ्या कढईत हलवत भाजायचा. हा गारी. नायजेरिया, घाना सगळीकडे, गार पाणी आणि साखर घालून खातात नाहीतर गरम पाण्यात घोटून गोळा करून रश्शाबरोबर. हे सगळं करायला वेळ मिळाला नाही की काय होतं तेही सांगते. दुष्काळात लोक घाई करतात, नीट न आंबवता न वाळवता खातात, १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला भागात असंच झालं आणि कितीतरी बायकामुलांचे पाय कायमचे लुळे पडले. त्या आजाराला कोन्झो म्हणतात.

आता जरा थंड प्रदेशात. पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारावर जून-जुलैत रात्री गोठवणारी थंडी पडते. लोक छोटे बटाटे उघड्या जमिनीवर एका थरात पसरतात, रात्री ते दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हात मऊ पडतात, असं काही दिवस झालं की ढीग करून अनवाणी पायांनी तुडवतात. सालं सुटतात, पाणी निघून जातं. मग वाळवले की हलके खडखडीत काळे खडे होतात, हा चुन्यो, वर्षानुवर्षं टिकतो. पांढरा प्रकार करायचा तर गोठलेले बटाटे काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात, त्याने कडू जातींमधली विषारी द्रव्यंही धुऊन जातात. इंका लोकांची कोठारं याने भरलेली असायची. फ्रीझ-ड्राय केलेलं अन्न म्हणून आपण पाकिटं बघतो, तेच काम हे लोक थंडी, ऊन आणि पाय एवढ्यावर करत आलेत.

शेवटचा_घास

वाचतोय, छान चाललंय. पण मला एक आक्षेप नोंदवायचाय. असं लिहिलं की वाटतं पारंपरिक म्हणजे हजारो वर्षं जुनं तेच खरं. चाबाता ब्रेड घ्या, इटलीचा जुना पाव म्हणून जगभर विकला जातो, तो १९८२ मध्ये तयार झालाय. सीझर सॅलड १९२४ चं, ते पण मेक्सिकोतल्या तिहुआनाचं. किमची, म्हणजे कोरियातलं आंबवलेलं कोबीचं लोणचं, लाल असते ती मिरचीमुळे, आणि मिरची कोरियात पोचली ती अमेरिका खंडातून, साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी किमची होतीच, पण लाल नव्हती. म्हणून कोरियन माणसाची लाल किमची खोटी का? थंडीआधी घरंच्या घरं एकत्र बसून कोबी मिठात मुरवतात, पानापानाला मसाला चोळतात, वाटून घेतात, तो किमजांग २०१३ मध्ये युनेस्कोने नोंदवला तो त्या एकत्र बसण्यासाठी.

सेनेगलचं उदाहरण तर मला फार जवळचं आहे. त्यांचा राष्ट्रीय पदार्थ चेबू जेन, मासे आणि भात, एका मोठ्या परातीभोवती बसून सगळे आपापल्या समोरच्या भागातून खातात. यातला तांदूळ कणीचा लागतो, अख्खा नाही. का? फ्रेंचांच्या राज्यात सेनेगलची शेतजमीन शेंगदाण्याला जुंपली आणि इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाकडून, गिरणीतली तुटकी कणी स्वस्तात आणून इथे खपवली. लादलेली गोष्ट होती. पण सेनेगलमधल्या सें-लुई शहराच्या बायकांनी त्या कणीत माशाचा रस आणि टोमॅटो असा काही मुरवला की आता कणीशिवाय तो पदार्थ त्यांना पटत नाही, आणि तळाला धरलेली खरपूड मुद्दाम खरवडून वाढतात.

आणि हैती. मळ्यांवर गुलाम भोपळ्याचं सूप रांधायचे पण त्यांना ते खायची मुभा नव्हती. १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला घरोघरी सूप जूमू होतं. यात ना धान्याचं विष काढायची रीत आहे ना जीवनसत्त्व, तरी हैतीच्या माणसाला विचारलं तर तो आधी हेच सांगेल.

कणीस

आक्षेप मान्य, जुनं तेच खरं असं मला म्हणायचंच नाहीये. उलट तुमचं सेनेगलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, तांदूळ परका, मासा तिथला, आणि कणी रसात कशी मुरवायची हे तिथल्या बायकांनी बसवलं. नवी गोष्ट आली आणि तिच्यासाठी रीत घडायला वेळ मिळाला. पेलाग्राच्या बाबतीत तो वेळच मिळाला नाही, जमीनदाराला मक्याच्या दामात रस, मजुराकडे दुसरं काही विकत घ्यायला पैसे नाहीत. हैतीबद्दल मात्र तुमचं बरोबर, तिथे माझं म्हणणं लागू होत नाही.

नदीकाठ

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं सगळं. कसाव्याच्या नळीचं तर डोळ्यासमोर उभं राहिलं. आता शाकाहारींसाठी पण सांगा ना कुणीतरी. किमची चालेल का?

अन्नपूर्णेची_लेक

किमची विचारून घे ग, बहुतेक प्रकारांत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. बिनमाशाची पण मिळते, कोरियातल्या बौद्ध मठांत तशीच करतात, लसूण-कांदा पण वर्ज्य तिथे.

तुझ्यासाठी माझ्या मते दोन. एक जावाचं तेम्पे. सोयाबीन शिजवून सालं काढतात, त्यात एक बुरशी मिसळून केळीच्या पानात बांधून उबेला ठेवतात, दीड-दोन दिवसांत पांढऱ्या तंतूंनी दाणे असे जखडतात की सुरीने सरळ वड्या पडतात. मग तळायचं. वास थोडा अळंबीसारखा येतो, घाबरू नकोस, पण अमोनियाचा उग्र वास आला तर मात्र टाकून दे.

दुसरं इथिओपियाचं जेवण, आणि हे माझं सगळ्यात लाडकं. तेफ नावाचं धान्य आहे, दाणा एक मिलीमीटरच्या आसपास, मुठीतून सांडला तर मातीत शोधून सापडत नाही. त्याचं पीठ पातळ भिजवून दोनतीन दिवस आंबवतात, आधीच्या घाण्याचं वर आलेलं पिवळसर पाणी विरजण म्हणून घालतात. मग मोठ्या गोल तव्यावर बाहेरून आत गोल गोल ओततात आणि झाकण ठेवतात. उलटायचं नसतं. वरच्या बाजूला हजारो भोकं पडतात, त्यांना डोळे म्हणतात, आणि डोळे नीट पडले नाहीत तर बाई नाराज होते. हे झालं इंजेरा. तेच ताट, तेच चमचा, वर निरनिराळी कालवणं वाढायची, एकेक तुकडा तोडून त्यात पकडून खायचं, आणि शेवटी खाली रस शोषून मऊ झालेला थर खायचा तो सगळ्यात चवदार.

शाकाहारी माणसाला तिथे उपाशी राहावं लागत नाही कारण ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवार-शुक्रवार आणि मोठे उपास धरतात, त्या दिवशी मांस, अंडं, दूध, लोणी काही नाही. म्हणून मसूर, हरभऱ्याच्या पिठाचा शिरो, पालेभाज्या, बीट असं भरपूर बसवलेलं आहे त्यांच्याकडे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव. इथिओपियाच्या बाहेर बऱ्याच ठिकाणी इंजेरात गहू किंवा जव मिसळतात, ग्लुटेन चालत नसेल तर नुसत्या तेफचं आहे का ते विचार. आणि दूधदुभतंही नको असेल तर उपासाचं ताट माग, मेन्यूवर बेयानेतू लिहिलेलं असतं, त्याच्या आधी येत्सोम म्हण म्हणजे लोणी न घातलेलं देतील.