टेलनेट काढायचं, पण कुठलं?

'कोणी वापरत नाही ते सिस्टिममधून सरळ उडवा' हे जुन्या नेटवर्क साधनांबद्दलचं मत मला अर्धंच पटतं. आरलॉगिन, आरएसएच ही दुसऱ्या मशिनवर लॉगिन करायची, कमांड चालवायची जुनी साधनं फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१८ च्या १२.० आवृत्तीत काढली, उत्तम केलं. पासवर्ड उघडा पाठवणारी साधनं ठेवायची कशाला?

टेलनेटही त्याच जातीचं, पण त्याचा सर्व्हर (बाहेरून येणारं लॉगिन घेणारा) वेगळा, क्लायंट (इथून दुसरीकडे जोडणी करणारा) वेगळा. सर्व्हर काढाच. क्लायंटबाबत घाई नको. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. लेबल प्रिंटर गप्प झाला की आधी टेलनेटने त्याचं ९१०० पोर्ट, म्हणजे छपाईचा डेटा घेण्याचं दार, उघडून बघतो. जोडणी झाली की केबल, स्विच ठीक. मग सॉफ्टवेअरकडे वळायचं. मालक शेजारी उभा, गाडी भरायची थांबलेली, तेव्हा हे अर्ध्या मिनिटात कळणं फार मोलाचं असतं.

डेबियन या लिनक्सची रीत मला आवडते. ९ व्या आवृत्तीत, २०१७ साली, आयएफकॉन्फिगवालं (मशिनचा आयपी पत्ता दाखवणारी जुनी कमांड) नेट-टूल्स मूळ इन्स्टॉलमधून वगळलं, पण पॅकेज ठेवलं. तरी काढण्याआधी क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टांवर ग्रेप माराच, म्हणजे त्यांत ती कमांड शोधाच. एका ठिकाणी रात्रीचा बॅकअप आयएफकॉन्फिगच्या आउटपुटमधून आयपी उचलत होता. नवीन मशिनवर आयएफकॉन्फिगच नव्हतं, म्हणून तो तीन रात्री झालाच नाही आणि कुणाला पत्ताही नव्हता.