मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या कॅसेटमधली गाणी वाचवायची आहेत

नमस्कार मंडळी,

सी-६०च्या (६० मिनिटांच्या) ६ आणि सी-९०च्या (९० मिनिटांच्या) २ कॅसेट आहेत. रेडिओवरून भरलेली भावगीतं, आणि दोन गाण्यांच्या मधे आजीचा आवाज: "अगं, गॅस बारीक कर." गाणी कुठेही मिळतील, तो आवाज नाही मिळणार.

मुंबईच्या दमट हवेने फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली आहे. कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) बसते, आवाज दबतो आणि पुढच्या कॅसेटलाही लागते, म्हणून एकही लावलेली नाही. हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या तयार आहेत. एका कॅसेटचा फेल्टचा बारीक तुकडा गळून पडलाय. तो नसला की फीत हेडला नीट टेकत नाही, वरचे सूर जातात. त्या कॅसेटला पाच स्क्रू आहेत, म्हणजे उघडता येईल.

फितीवरची बुरशी कोरड्या मऊ कापडाने पुसावी का? सी-९०ची फीत फार पातळ, ताणली जाईल अशी भीती वाटते. लॅमिंग्टन रोड किंवा दादरकडे डेकचा (कॅसेट वाजवायच्या यंत्राचा) बेल्ट बदलून हेडचा कोन जुळवून देणारा भरवशाचा कारागीर आहे का? रेकॉर्डिंग घरीच, डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) वेव्ह फाइलमध्ये घेणार आहे.